पंपवाले काका आणि दोरीचं विमान

बाबाराव काकांच्या दुकानात विमानाची मोटर टेबलावर ठेवली, की तिच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो. कितीही पुसा, थोडा राहतोच. आमच्या ग्रुपला किस्से तसेच चिकटलेत. मोटर निवडायला बसलो आणि काही घडलं नाही, असा एकही रविवार मला आठवत नाही!

ग्रुप चौघांचा. निवृत्त विज्ञान शिक्षक वानखेडे सर, वडनेरला शेतातल्या पंपांच्या मोटरी रिवाइंड करणारे बाबाराव काका, माझी मैत्रीण रुचिता आणि मी. आमचं विमान रिमोटवर उडत नाही. त्याच्या पंखाला दोन बारीक तारा असतात. तारांच्या टोकाचं हँडल धरून मध्ये उभं राहायचं आणि विमानाबरोबर गोल फिरायचं.

याला सपाट, मोकळी जागा लागते. गावाभोवती सगळीकडे कपाशी, नाहीतर तूर. सोयाबीन निघाल्यावर काकांचं वावर काही दिवस रिकामं होतं, तेवढंच. कायमचं म्हणाल तर शाळेचं मैदान. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या होत्या, "आधी एकदा माझ्यासमोर उडवून दाखवा. नीट उडालं तर दर रविवारी मैदान वापरा. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

म्हणजे सगळं मोटरवर येऊन अडलं!

*

पहिली मोटर काकांनी निवडली. सरांनी तीन मागवल्या होत्या. काकांनी एकेक तळहातावर तोलली आणि सगळ्यात जड उचलली.

"मोटर घ्याची तं दमदार घ्याची. पानी कमी पडलं असं मांगून कोनी म्हनू नये!"

"बाबाराव, हिला पाणी नाही ओढायचं," सर म्हणाले.

"हवा तं ओढाची आहे ना?"

ती मोटर बसवली. विमानाचं नाक इतकं जड झालं, की सोडल्याबरोबर ते खाली गेलं आणि वावरात नांगरानं पाडावा तसा हातभर लांब सरळ तास पाडून थांबलं.

काकांनी तास नीट निरखला. "चला, नांगरनी झाली. आता हरबरा पेरून टाका!"

*

तेव्हापासून सर मोटर आधी वजन करून घेतात. किराणा दुकानाच्या काट्यावर ग्रॅमचा भरवसा नाही, म्हणून आम्ही मोटर रुमालात गुंडाळून सोनाराकडे नेली. त्यांनी काचेच्या पेटीतला काटा काढला, मोटर ठेवली, चष्मा वर केला आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"सर, याच्यात घट किती धरू?"

सोनारकाकांनी आजवर आमच्या पाच मोटरी तोलून दिल्या. दर वेळी दुकानात गिऱ्हाईक असतं, दर वेळी ते गिऱ्हाइकाला म्हणतात, "दोन मिनिटं थांबा, विमान आलं आहे."

*

दुसरी मोटर रुचितानं निवडली. अशा मोटरवर केव्ही म्हणून एक आकडा छापलेला असतो. एका व्होल्टला मोटर मिनिटात किती फेरे घेते, तो हा आकडा. विमानाच्या नाकावरचा पंखा मोठा असेल तर तो कमी लागतो. रुचिताला वाटलं, परीक्षेसारखंच असेल, जास्त तो पहिला. तिनं बावीसशेची घेतली आणि तिला सगळ्यात मोठा पंखा लावला.

अर्ध्या मिनिटात धूर!

रुचिता रडकुंडीला आली. काकांनी वाकून वास घेतला आणि एकदम खुश झाले. "हे तं आपलंच काम निघालं! पंपाची मोटर जळते तवा असाच वास येते. देजो इकडं."

त्यांनी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला. जळालेली तार उकलली आणि जास्त वेढे देऊन नवीन भरली, म्हणजे वेग कमी होईल. मी शेजारी बसून वेढे मोजत होते. लिंबाएवढी मोटर आणि काकांची ती जाड बोटं!

"आतापावतर नऊवारी नेसवत होतो," काका मान वर न करता म्हणाले. "आज पहिल्यांदा बाहुलीले नेसवून राह्यलो."

ती मोटर अजून चालते. काकांनी त्या दिवशी दोन पंपवाल्यांना उद्या या म्हणून परत पाठवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

*

हा किस्सा माझा आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

मोटरला टायमर असतो. ती सुरू झाली की मागून विमान धरणाऱ्यानं मध्ये उभ्या असलेल्याच्या हाकेची वाट बघायची. त्यानं "सोड!" म्हटलं की सोडायचं. माझ्या पहिल्या पाळीला मी "सोड" म्हटलं. पुन्हा म्हटलं. पाच-सहा वेळा तरी म्हटलं असेल. रुचिता विमान धरून माझ्याकडे बघत राहिली, टायमर संपला आणि मोटर बंद पडली.

"काय व पोरी," काका बांधावरून ओरडले, "तुह्यापरीस मोटर जास्त बोलते!"

सगळे हसले. मीही हसले, पण पुढच्या रविवारी जायचं नाही असं ठरवलं. रुचितानं ओढत नेलं. तिथे सरांनी नियमांच्या कागदावर नवीन ओळ लिहिली होती: "विमान सोडण्याची खूण : हात वर करणे. सर्वांसाठी."

'सर्वांसाठी'खाली रेघ होती. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

*

शेवटी मॅडमसमोर उडवायचा दिवस आला. मैदानाच्या कडेला त्या खुर्चीवर, मागे शाळेतली मुलं. सकाळीच काकांनी मोटरच्या तिन्ही वायरींना नवीन पिना डाग देऊन बसवल्या होत्या. "चालू करून पाहू का?" असं सरांनी विचारल्यावर त्यांना रागच आला होता. "तीस वर्सं झाले मले हे काम करून!"

मी मध्ये हँडल धरून उभी. रुचितानं विमान धरलं. मोटर झकास सुरू झाली, पण वारा मागे जायचा सोडून पुढे जायला लागला.

"सर, हे माह्याच अंगावर येऊन राह्यलं!" रुचिता ओरडली.

मोटर बंद केली. सरांनी पंखा तपासला. काकांनी टायमर काढून पुन्हा लावला. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. मुलं हसायला लागली. मला वाटलं, गेलं मैदान.

तेवढ्यात मॅडम खुर्चीवरून उठल्या. शाळेत त्या पुस्तकातलं मराठी बोलतात. सरळ काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काऊन हो काका, आमच्या विहिरीवरची मोटर उलटी फिरत होती तवा तुम्ही काय केलतं?"

"दोन वायरी पलटवल्या, मॅडम."

"मंग?"

काका विमानाकडे बघत राहिले. मग मोटरकडे. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पंचक्रोशीतल्या विहिरींवर डोळे मिटून वायरी पलटवणारा माणूस!

दोन पिना काढल्या, अदलाबदल करून लावल्या. विमान सुटलं आणि असं उडालं, की मला गरगरायचंही सुचलं नाही. टायमर संपल्यावर ते गवतावर अलगद उतरलं. टाळ्या थांबल्या. सरांनी घसा साफ केला आणि हात जोडून विचारलं, "मॅडम, मग मैदानाचं..."

मॅडम पदर कमरेला खोचत माझ्याकडेच येत होत्या.

"मैदानाचं मंग पाहू. पोरी, ते हँडल दे इकडं!"