तेवीस नंबरच्या गणपतीची पाठ

आधीच सांगतो, मी फोटोवाला माणूस. डार्करूममध्ये अर्धं आयुष्य गेलं, तिथे मला कधी कुणी भेटलं नाही. फोटोत 'आकृती' दिसते म्हणून लोक प्रिंट घेऊन यायचे, मी त्यांना लेन्सवरच्या बुरशीचा डाग दाखवून घरी पाठवायचो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय… पण घडलं ते घडलं.

१९९८ साल. माझा स्टुडिओ पेणला, एस.टी. स्टँडपासून पाच मिनिटांवर. रोह्यात एका ट्रस्टचं छोटं संग्रहालय होतं — वाचनालयाच्या वर दोन खोल्या, त्यात जुनी भांडी, अवजारं आणि पेण आणि शेजारच्या जोहे गावच्या कारागिरांच्या शाडूच्या मूर्ती. निवृत्त शिक्षिका टिपणीसबाई ते सांभाळायच्या. प्रत्येक वस्तूचा फोटो कॉम्प्युटरवर कायमचा जपायचा, असं त्यांनी मनावर घेतलं आणि काम मला दिलं. मी रोह्याला जाऊन फोटो काढायचे, पेणला निगेटिव्ह स्कॅन करून मोठ्यात मोठी मूळ फाइल बनवायची आणि तिच्या दोन सीडी करायच्या — एक रोह्यात, एक माझ्या कपाटात. एक खराब झाली तर दुसरी हवी. सीडी एकदा बंद केली की तिच्यात काही वाढवता येत नसे.

बाईंचा नियम होता, प्रत्येक वस्तूच्या चार बाजू. आणि तिथेच मी घोळ घातला. गणपतीची पाठ बघू नये, तिथे दारिद्र्य असतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. भुतांना न मानणारा मी, गणपतीच्या मागे कॅमेरा न्यायला मात्र कचरलो. सगळ्या गणपतींचे तीनच फोटो काढले आणि यादीत सरसकट 'चार' लिहून मोकळा झालो. म्हटलं, मूर्ती भिंतीला टेकून उभ्या, पाठ मागणार कोण?

पुढच्या पावसाळ्यात नेमकी ती भिंत झिरपली. शाडू भाजलेला नसतो, पाण्याने विरघळतो. बाईंनी तेवीस नंबरचा गणपती हलवला तेव्हा समोरून तो जसाच्या तसा होता, आणि पाठ पार धुऊन गेली होती.

ही मूर्ती जोह्याच्या दामूअण्णांच्या आईने घडवलेली. तिच्या हातची तेवढी एकच उरली होती, आणि ती अण्णांनीच संग्रहालयाला दिली होती. गणपतीचा सीझन उरकल्यावर अण्णा थेट माझ्या स्टुडिओत आले. सकाळचे अकरा वाजले असतील.

"सुहास, पाठीचा फोटू दाव. मी परत बसवतो."

"अण्णा, तुम्हाला आठवत असेल ना?"

"पाठीला उपरन्याच्या चुन्या व्हत्या, येवढा म्हाईत हाय. किती, कशा, ते नाय आठवत. समोरून काय, गिऱ्हाइकासाठी समदेच नीट करतात. करनाऱ्याचा हात पाठीला कळतो. फोटू नाय गावला तर ती पाठ माझ्या हातची व्हईल. आयेची नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या भित्रेपणापायी म्हाताऱ्याच्या आईचा हात गेला होता. आधी आहेत ते तीन फोटो दाखवू, मग कबूल करू, असं ठरवून मी कपाटातली सीडी लावली.

तेवीसच्या फाइली चार होत्या.

चौथी उघडली. तेव्हाचा कॉम्प्युटर तो, चित्र वरून खाली हळूहळू उतरत गेलं. माझंच काळं कापड, माझीच फूटपट्टी, तेवीस नंबरची चिठ्ठी… आणि पाठ. कोरणीशिवाय, नुसत्या बोटांनी दाबलेल्या चुण्या. उजेड डावीकडून आलेला. मी दिवा प्रत्येक फोटोला उजवीकडेच लावला होता, कारण त्या खोलीत डावीकडे भिंतीचं कपाट होतं.

अण्णा स्क्रीनजवळ आले. एका चुणीवर त्यांनी करंगळी टेकवली.

"तिची बोटा बारीक व्हती," ते म्हणाले, आणि उपरण्याने डोळे पुसले.

"अण्णा, हा फोटो मी काढलेला नाही. मी पाठ काढलीच नव्हती."

अण्णांनी करंगळी पुढच्या चुणीवर सरकवली. "बरा," म्हणाले. "प्रिंट मोठी काढ."

ते गेल्यावर मी निगेटिव्ह काढल्या. तेवीसच्या तीन फ्रेम आणि लगेच चोवीस, मध्ये रिकामी जागासुद्धा नाही. मी विसरलो असेन असं धरून चाललो, तरी निगेटिव्ह कशी विसरेल? फाइलवर तारीख स्कॅन केल्याच्याच दिवसाची, वेळ तिसऱ्या फाइलनंतर सहा मिनिटांची. एक स्कॅन करायला मला तेवढीच लागायची. दुसऱ्या दिवशी रोह्याला जाऊन तिथली सीडी बघितली. तीनच फाइली. दोन्ही सीडी मी एकाच फोल्डरवरून, एकाच दुपारी केल्या होत्या. टिपणीसबाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी आधी मला यथेच्छ झापलं, मग बाकीच्या गणपतींच्या पाठी काढायला लावल्या. त्या सगळ्या उजवीकडच्या उजेडातच आल्या.

अण्णा मूर्ती दुरुस्त करायला आले तेव्हा लेकीला घेऊन आले होते. माती त्यांनी लावली, पण चुण्यांना हात लावला नाही. प्रिंट तिच्यासमोर धरली. "तू दाब गो. माझी बोटा जाड हायेत," म्हणाले. तिने दाबल्या. फोटोतली प्रत्येक चुणी तिच्या बोटाने बरोब्बर उठत होती.

पुढे मी त्या फाइली नव्या सीडींवर घेतल्या, नंतर हार्ड डिस्कवर. कॉम्प्युटरवाल्या मित्रांना विचारून झालं. एक मात्र करतो — दर वेळी कॉपी करण्याआधी तेवीसची चौथी फाइल उघडून बघतो. अजून उघडते.