दहा बोटं

विक्रोळीच्या एका वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या प्रेसवर मालवणचे एक काका होते. हात मशीनखाली जाऊ नये म्हणून प्रेसला लोखंडी जाळी असायची. काम भराभर व्हावं म्हणून आम्ही ती काढून ठेवायचो. काका मात्र रोज सकाळी तिचे स्क्रू आवळून बघत. "घाबरता काय काका," म्हटलं की मान वर न करता म्हणायचे, "बोट काय केळीचो कोंब आसा रे, परत फुटाक?"

रिटायर झाले त्या दिवशी मालकाने चावीचं घड्याळ दिलं. काकांनी भाषण केलं नाही. दोन्ही हात उंच करून दहा बोटं पसरली आणि हसले. माझ्या उजव्या हाताला तेव्हा तीनच बोटं उरली होती, तरी सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या.