पापुद्रा की टोपी?

दाताच्या डॉक्टरकडे किस्से का साठतात, ठाऊक आहे? खुर्चीतला माणूस तोंड उघडून गप्प पडलेला असतो. त्यामुळे जे काही बोलायचं ते त्याला आधी तरी बोलून घ्यावं लागतं, नाहीतर चूळ भरल्यावर! भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, तिथल्या हॉस्पिटलात, मी बावीस वर्षं हे ऐकत आले. लिहून काही ठेवलं नाही, पण विसरायलाही झालं नाही.

आमच्याकडचे निम्मे वाद एकाच प्रश्नावरून. पुढचा दात वाईट दिसतोय, मग व्हिनियर लावायचं की कॅप? व्हिनियर म्हणजे दात पुढून जरासा घासून वर चिकटवलेला पातळ पापुद्रा. कॅप म्हणजे दाताची टोपी. ती बसवायला दात चारी बाजूंनी घासून बारीक करावा लागतो, आणि घासलेला दात पुन्हा वाढत नाही. सांगायचं एवढंच. पण ऐकणारे सगळे इंजिनियर आणि कारागीर, मग काय विचारता!

*

मेश्राम नावाचे एक टर्नर होते, लेथवर काम करणारे, मूळचे नागपूरचे. पुढच्या दाताचा कोपरा उडालेला. मी म्हटलं, "व्हिनियर करू. अर्धा मिलिमीटर घासावं लागेल."

"टॉलरन्स किती, मॅडम?"

"म्हणजे?"

"म्हणजे प्लस-मायनस किती धरून राहिले तुम्ही?"

मी खरं ते सांगितलं, की बराचसा हाताचा अंदाज असतो. मेश्रामांनी शांतपणे गळ्यातला टॉवेल काढला, घडी घातली आणि खुर्चीतून उतरले.

"अंदाजानं तर आमच्या शॉपमध्ये झाडूचा दांडाही नाही बनत, मॅडम!"

*

डिझाइनमधले कुलकर्णी पुण्याचे. ते फुलस्केपवर तक्ता आखूनच आले. एका रकान्यात व्हिनियर, दुसऱ्यात कॅप. खाली मजबुती, आयुष्य, देखभाल, जोखीम, दिसणं. प्रत्येकाला दहापैकी गुण.

"डॉक्टर, तिसरा पर्याय सांगा. तीन असल्याशिवाय तुलना होत नाही, आमचा नियमच आहे तसा."

"तिसरा म्हणजे काहीच न करणं," मी वैतागून म्हटलं.

त्यांनी तेही लिहून घेतलं. देखभाल, दहापैकी दहा. जोखीम नाही, पुन्हा दहा. बेरीज केली, खाली सही ठोकली आणि तुटका दात घेऊन मोठ्या समाधानाने घरी गेले!

*

आमचे कंपाउंडर मिश्राजी बोलायचे कमी, पण बोलले की संपलं. एकदा एका साहेबांच्या मिसेस आल्या. सोबत चार इमलीतली, बड्या अफसरांच्या वस्तीतली वहिनी, म्हणजे तोरा दुप्पट. पर्स मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "मॅनेजर ग्रेडला काय बसवता? कॅप की व्हिनियर?"

मिश्राजी हत्यारं पुसता पुसता म्हणाले, "मैडम, ग्रेड देखकर क्वार्टर मिलता है. यहाँ दाँत देखकर मिलता है."

*

सगळ्यात सोपा पेशंट कारखान्याच्या पेंट शॉपमधला. त्याने एकच प्रश्न विचारला, "लावायच्या आधी प्रायमर मारता ना?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं लावतो आम्ही."

"मग काही टेन्शन नाही!" म्हणाला, आणि जबडा उघडून चक्क झोपला.

*

एक किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक शिक्षिका आल्या. दातांत फटी होत्या, बाकी दात उत्तम. त्यांना कॅपच हव्या होत्या. मी नवीन, नाही म्हणायचा धीर नव्हता. चार चांगले दात घासले. दोन वर्षांत त्यातल्या दोन दातांची नस गेली आणि रूट कॅनाल करावं लागलं. मी माफी मागितली, तर त्या रागावल्यासुद्धा नाहीत.

"मी मागितलं आणि तुम्ही दिलंत," एवढंच म्हणाल्या. "माझी आई असं कधी करत नसे."

अजून लाज वाटते मला. त्या दिवसापासून चांगला दात घासायचा म्हटलं की मी भांडायला उभी!

*

सगळ्यात मोठं भांडण झालं ते वानखेडे साहेबांशी. इन्स्पेक्शनमध्ये होते. त्यांनी नापास केलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, देव आला तरी पास व्हायचा नाही, अशी ख्याती. आणि या माणसाला हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं. रिटायरमेंटला दोन महिने राहिले असताना ते आले. आधी दार लावून घेतलं, मग तोंड उघडलं. वरचे पुढचे सहाही दात तपकिरी डागांचे.

"गावच्या विहिरीच्या पाण्याचे आहेत, मॅडम. लहानपणापासून. सेंड-ऑफला फोटो काढतात. एक तरी फोटो बरा यावा."

दात दगडासारखे मजबूत होते. मी म्हटलं, "व्हिनियर करू."

"पापुद्रा नाही पाहिजे. सहाच्या सहा कॅप करा. मजबूत काम पाहिजे आपल्याले."

तीन वेळा आले, तीन वेळा तोच हट्ट. शेवटी मी विचारलं, "साहेब, जॉबमधून मटेरियल गरजेपेक्षा जास्त निघालं तर?"

"स्क्रॅप."

"वेल्डिंगने भरून दिला तर?"

"मी नाही पास करत."

"मग माझ्या हातून सहा जॉब कशाला स्क्रॅप करून घेताय?"

त्यांनी आपल्या दातांवरून एक बोट फिरवलं. मग म्हणाले, "ट्रायल असेंब्ली होते का?"

होते की! दात न घासता वरून तात्पुरता पांढरा थर लावता येतो. तो लावून दिला आणि म्हटलं, दोन दिवस घरी वापरून बघा, नाही पटलं तर काढून टाकू.

दोन दिवसांनी आले ते बायकोला घेऊन. सुनंदाबाईंना सगळी टाउनशिप ओळखायची. मराठी मंडळात त्या नकला करायला लागल्या की बायका हसून हसून पदराने डोळे पुसायच्या. फक्त घरी डाळ शिजत नसे. नक्कल रंगात आली की वानखेडे साहेब पेपर तोंडासमोर धरत, नाहीतर पाणी प्यायला उठून जात. "आमच्या यांना विनोद कळतच नाही हो," हे त्या सगळीकडे सांगत असत.

मी विचारलं, "काय साहेब, पास की नापास?"

सुनंदाबाईच म्हणाल्या, "काल जेवताना मी शेजारच्या भाभींची नक्कल केली. आणि हे हसले हो! पेपर नाही, काही नाही, समोर बसून हसले. माझ्या हातातली पोळी हातातच राहिली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? विचारलं, अहो, म्हणजे चौतीस वर्षं तुम्हाला सगळं कळत होतं?"