तारामतीमावशी आणि परत आलेलं पाणी

किल्ल्यावरून निघून अर्धी वाट झाली असेल, तेव्हा तारामतीमावशीच्या टाचांना पाणी लागलं. ती थांबली. किल्ल्याकडं जाताना इथली वाळू कोरडी ठणठणीत होती.

"वर्षा, हे पाणी मघाशी नव्हतं नं?"

"न्हाई," वर्षाराणी म्हणाली.

मागं किल्ल्याच्या दारातला रखवालदार शिट्टीवर शिट्टी वाजवत होता. दार बंद करायची वेळ झाली असेल, असं दोघींना वाटलं होतं. बेटावरचा तो किल्ला सरकारनं नुकताच दुरुस्त केलेला, बुरूज नव्यानं चुन्यात बांधलेले. आत देवीचं देऊळ. मावशी ओटी भरून तिथंच टेकली होती. बरोबरच्या बाया हाका मारून थकल्या होत्या. "जावा तुम्ही पुढं. उतरलेलं पाणी का आजच्या आज माघारी येतंय?" मावशी म्हणाली. वर्षाराणीलाही ते पटलं. त्यांच्या बिलोलीकडं मांजरा नदी एकदा उतरली की पुढच्या मिरगापर्यंत तिची वाट बघावी लागते. समुद्र दोघींनी आजच पाहिला होता.

आता पाणी दोन्ही अंगांनी येत होतं, आवाज न करता. घोट्याला लागलं, मग पोटरीला. पुढं किनाऱ्याजवळचा सखल भाग तर आधीच भरून गेला होता.

"चला मावशी, थांबू नका."

मावशी हलेना.

अठ्ठावीस वर्षं ती अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, आणि पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची लेकरं कडेवर घेऊन यायची. चुलीमागं निघालेला साप काठीनं उचलून बाहेर टाकायची. दारू पिऊन आलेल्या एका पुढाऱ्याला तिनं उलथनं घेऊन वेशीपर्यंत पळवलं होतं. तारामतीला भीती ठाऊक न्हाई, असं गाव म्हणायचं. येत्या महिन्यात ती निवृत्त होणार, म्हणून तिथंच सेविका असलेल्या वर्षाराणीनं ही सहल काढली होती.

तीच बाई आता दोन्ही हातांनी वर्षाराणीचं मनगट आवळून उभी होती.

"पायाखालची वाळू जाऊन राहिली गं."

"माझ्याकडं बघा. पाण्याकडं नको."

वर्षाराणीनं तिला ओढत नेलं. मनात माहूरच्या आईला हाक मारली, त्यापुढं प्रार्थनेची एकही ओळ सुचेना. पाणी कमरेला आलं. एका लाटेनं दोघींना बाजूला ढकललं, आणि वर्षाराणीचे पाय तळाला लागेनात. मावशीच्या तोंडून आवाज निघाला, अगदी तान्ह्या लेकरासारखा.

तेवढ्यात किनाऱ्यावरचा एक कोळी दोर घेऊन छातीभर पाण्यात शिरला.

बाहेर काढल्यावर तो म्हणाला, "भरतीची वेळ फळ्यावर लिवलीय. वाचता येत नाय काय?"

रोज लेकरांना अक्षरं शिकवणाऱ्या वर्षाराणीनं मान खाली घातली.

मावशी वाळूत बसली. दातांवर दात वाजत होते.

"सटवाजीची पोरगी ओढ्यातनं आणताना माझी मान आवळायची बघ. नखं रुतायची. मी हसायची तिला. म्हणायची, मी हाय नं, भ्यायला काय झालं?"

"तुम्ही कधी कुणाला पडू दिलं न्हाई, मावशी."

"न्हाई दिलं. पण तिला काय ठाव, मी पाडणार न्हाई म्हणून?" तिनं पदर पिळला. "माझ्या जागी नवी बाई येईल. ओढ्याला पाणी असलं की तिला लेकरं आणाया धाडू नगस, वर्षा. हजेरी कमी दिसली तर दिसू दे."