उरलेलं ब्रेक ऑइल

आता कोणत्या तोंडानं सांगू तुमाला! आठवलं की अजून चहा कडू लागतो.

आमच्या राहू गावच्या घरी वडलांची, आबांची, जुनी जीप हाय. आई गेली त्या साली आबांनी बॉनेटवर लाल रंगात तिचं नाव काढून घेतलं, 'सुमन'. काढणारा पेंटरबी आता न्हाई. रोज सकाळी आबा आधी त्या नावावरनं फडकं फिरवणार, मगच चहा.

तर जीपचं ब्रेक पेडल लागलं खाली जायला. मी शिरूरकडं कंपनीत, क्वालिटीत. म्हंजी दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो! म्हटलं, "आबा, ब्रेक ऑइल जुनं झालंय. ते हवेतली ओल पितं, मग ब्रेक धरत न्हाई. मीच बदलतो."

"जमंल का लेका?"

"आबा! क्वालिटीत हाय मी!"

बायकोला सीटवर बसवलं, मी चाकाशी आडवा. "दाब! धर! आता सोड!"

"अवं, वरडताय काय? मामंजी बघत्यात!"

काळं ऑइल निघालं, नवं भरलं, पेडल एकदम टणक. तवाच हात धुऊन गप बसलो असतो तर! पण बसंल तो मी कसला?

आपल्याकडं इंजनाचं जळकं ऑइल कुणी फेकतं का, सांगा? दाराला लाव, नांगराला लाव. तसंच मला ते काढलेलं डबाभर ब्रेक ऑइल टाकवंना. फडकं बुडवलं आन् अख्खं बॉनेट पुसून काढलं. काय चमकलं म्हणता! आईच्या नावावर तर दोन हात जास्तच मारले. मायेनं हो!

जेवून आलो तर आबा बॉनेटपाशी उभे. हातातलं फडकं लालभडक. बॉनेटचा रंग सायीसारखा सुटलेला, आन् आईचं नाव पार पुसलेलं.

"आबा... हे ऑइल रंग खातं, मला ठावंच नव्हतं."

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "ब्रेक लागतोय का?"

"लागतोय, आबा."

"मग वाईच तुझ्यातबी भरायचं व्हतंस."

दुसरा पेंटर आणतो म्हटलं, तर नको म्हणाले. अजून रोज सकाळी त्या उघड्या पत्र्यावरनं फडकं फिरवत्यात. लई वाईट वाटतं बघा.

आन् मी गावी गेलो की, आबा खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा कुलपात ठेवत्यात!