हाडमामांचा वर्ग

हाडमामांच्या तावडीत कुणाचा हात सापडला की तो लवकर सुटत नसे. टाउन बसचा कंडक्टर सुटे पैसे देता देता सापडायचा, दारावरची फूलवाली सापडायची. मूठ वळायला लावून, मनगटावर ताठ झालेल्या दोऱ्यांवर बोट ठेवून ते तमिळमध्ये विचारायचे, हे कुठून निघालं आणि कुठे जाऊन धरलं? तंजावरच्या मेडिकल कॉलेजात ते शरीररचना शिकवत. माझे सख्खे मामा. नाव आम्हा भाच्यांनीच ठेवलेलं.

बाकीची भावंडं कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होती, मी तेवढी मामांच्या नादी लागून मेडिकलला गेले. स्नायू त्यांनी मला देवघरातल्या उदबत्त्यांवर शिकवला. प्रत्येक काडीला कागद, काड्यांच्या जुडीला कागद, सगळ्या जुड्या मिळून वर आणखी एक कागद. मग सगळी टोकं एकत्र पिळून म्हणाले, "अस्के कागद, सगळेच्या सगळे, मिळून ही कंडरा झाली. मांस हाडाला धरत नाही, पोरी, ही धरते. एक टोक सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे. मांस आखडलं की हाड आलंच ओढत." मामी उदबत्त्यांवरून दिवसभर धुसफुसत होती.

मामी कडक सोवळ्याची. कॉलेजातून आल्यावर मागच्या विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय मामांना घरात पाऊल टाकता येत नसे. कॉफीसुद्धा तिथेच मिळे. ते हसत. "मेलेले काय करतील? माझ्या पोरांना शिकवतात बिचारे."

एका संध्याकाळी त्यांनी उजवा तळवा माझ्यापुढे धरला. "काय दिसतं, सांग."

अंगठ्याखालचा उंचवटा बसला होता. दंडावर कातडीखाली बारीक थरथर चालली होती. मला कळलं. मी म्हणाले, "वय झालं, मामा."

"परीक्षेंत असं सांगशील तर नापास करतील." मग हळूच म्हणाले, "तोंड चालतं तोंवर शिकवीन. मामीला तूं समजावून सांग. माझं ऐकायची नाही."

मी सांगितलं नाही. रोगाचं नाव घेतलं की पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना. भेकड होते मी, दुसरं काय! मामीने ठरवलं, हा प्रेतांना शिवल्याचा दोष. तिने शांती केली, नवस बोलली आणि मामांचं कॉलेज बंद केलं. हात गळालेल्या माणसाला दाराची कडीसुद्धा काढता येईना.

मामा दीड वर्षाने गेले. तेरावं झाल्यावर मी मामीला सगळं सांगितलं. स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत जातात, त्याचा प्रेतांशी काही संबंध नाही.

"म्हणजे कॉलेजाला गेले असते तर चाललं असतं?"

"हो."



"रोज सकाळीं माझ्या अंगांत पांढरा कोट घाल म्हणून विनवायचे ग," ती म्हणाली. "मी घातला नाही."