पाय दाबून धरा

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेकांवर हसत आलेय. आमचं घर नाशिक रोडला, प्रेस कामगारांच्या कॉलनीत. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. भूत-प्रेत, भानामती, अंगात येणं... असलं काही बोललं की बाबा जेवता जेवता ताट बाजूला करायचे. शिवाय मी गाड्यांची माणूस. आवाज आला तर त्याला कारण असतं, वास आला तर कारण असतं, कारण सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही — एवढंच मला शिकवलंय.

हे लिहितेय ते त्यामुळेच. मी नीट शोधलंय. नावं मात्र बदललीत आणि घाटाचंही नाव देत नाही, कारण केस चालू आहे.

माझा मोठा भाऊ मिलिंददादा नऊ वर्षं एका मंडप-डेकोरेशनवाल्याकडे ड्रायव्हर होता. या मालकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. लग्नं, सभा, पारायणं — सगळीकडे त्यांचा जनरेटर. तो ट्रॉलीवर बसवलेला असतो आणि जीपच्या मागे जोडून ओढत न्यायचा. दोन टनांच्या आसपास वजन, आणि पुढे एक म्हातारी जीप. मी तेव्हा पुण्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. दादाचा फोन यायचा, "चढावर गिअर सुटतोय गं. इंजिन तापतं. हँडब्रेक तर नावालाच आहे." मी म्हणायचे, मालकाला सांग. तो म्हणायचा, "सांगून थकलो. म्हणतात, ओढतेय ना? मग झालं."

दोन वर्षांपूर्वी पेठ रोडच्या एका घाटात ती जीप ट्रॉलीसकट मागे आली आणि दादा ट्रॉलीखाली गेला. भाऊसाहेब सोबत होते. त्यांनी जबाब दिला की दादा हँडब्रेक न ओढताच गाडीतून उतरला. स्वतःच्या चुकीने गेला. विषय संपला.

भाऊसाहेब मयतीलाही आले नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त जाळलं ते बाबांनी. आम्हा दोघांना गाडी बाबांनीच शिकवली होती. उतरण्याआधी हँडब्रेक, हा त्यांचा पहिला धडा. दादा गेल्यावर ते रडले नाहीत, चिडले. दर दोन-चार दिवसांनी, मध्येच, चहा पिता पिता म्हणायचे, "एवढी साधी गोष्ट विसरला कसा हा?" मेलेल्या मुलावर रागावून बसलेला बाप कधी पाहिलाय का तुम्ही? मी रोज बघत होते. कारण तोवर नवऱ्याला आणि मला नाशिकला बदलून यायला जमलं होतं आणि मी अंबडला स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. ऑटोमॅटिक बॉक्स उघडणारे नाशकात तसे कमीच. त्यामुळे काम भरपूर यायचं.

आणि गेल्या डिसेंबरात, लग्नसराई सुरू होताना, भाऊसाहेब माझ्या दारात उभे.

मी त्यांना लगेच ओळखलं — चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पाहिलेला चेहरा. त्यांनी मला ओळखायचं कारणच नव्हतं. पोलीस स्टेशनला बाबा गेले होते, मी नव्हते. आणि आता माझं आडनाव सासरचं.

"ताई, तुमचं नाव ऐकून आलो," ते म्हणाले. "ही पिकअप घेतली सेकंडहँड, ऑटोमॅटिक. मागं जनरेटर लावला की गिअरबॉक्स तापतो, डॅशबोर्डवर बत्ती लागते. ओढायला एकदम तयार करून द्या. काय लागेल ते करा."

काय लागेल ते करा! दादा नऊ वर्षं हेच तर मागत होता.

मी म्हटलं, "करते."

गाडी सहा दिवस माझ्याकडे होती. आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम मी त्या गाडीवर केलं. बॉक्स उतरवून आतल्या क्लच प्लेटा जाड टाकल्या, टॉर्क कन्व्हर्टर बदलला, तेलाचं चेंबर खोल घेतलं. रेडिएटर मोठा. त्याच्या पुढे गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर, त्याला स्वतःचा पंखा. बॉक्समधून गरम तेल एका पाइपाने या कूलरमध्ये येतं आणि थंड होऊन दुसऱ्या पाइपाने परत जातं. डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा काटा बसवला. दर नट आवळताना वाटत होतं — हे दादाच्या गाडीला व्हायला हवं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी बॉनेट उघडलं आणि कूलरच्या पाइपाची क्लिप सैल केली. स्क्रू ड्रायव्हरने, डावीकडे, अडीच फेरे.

सपाट रस्त्यावर काही झालं नसतं. घाटात, मागे दोन टन असताना, दाब वाढला की पाइप निसटणार, तेल जाणार, बॉक्स ओढणं सोडून देणार आणि गाडी मागे येणार. हे मी चुकून केलं नाही. रागाच्या भरातही नाही. हात अगदी स्थिर होता. घरी जाऊन बाबांना जेवायला वाढलं आणि शांत झोपले.

सकाळी नऊला भाऊसाहेब आले. ट्रॉली बाहेर रस्त्याला लावलेली. मला वाटलं, जोडतील आणि जातील. तर म्हणाले, "असं नाही ताई. तुम्ही सोबत चला. पेठ रोडला डिलिव्हरी आहे, ट्रायलही होईल. तुम्ही नसाल तर मी गाडी हलवत नाही."

नाही म्हणता आलं असतं. पण काय कारण सांगणार? स्क्रू ड्रायव्हर पँटच्या खिशात टाकला. मनाशी म्हटलं, चढ लागायच्या आधी काहीतरी निमित्त काढून क्लिप आवळू. हो, तेव्हा मी घाबरले होते. स्वतःसाठी.

घाट सुरू झाल्यावर तिसऱ्या वळणानंतर एका मावशींची चहाची टपरी आहे. पलीकडे सिमेंटची पाण्याची टाकी. तिथून शंभरेक पावलांवर चौथं वळण — घाटातलं सगळ्यात अवघड. भाऊसाहेबांनी चहाला गाडी थांबवली. मी बॉनेटपाशी गेले, हात खिशात. आणि ते चहाचा घोट घेत म्हणाले,

"या वरच्या वळणावर आमचा एक ड्रायव्हर गेला. अतिशहाणा होता. सारखी गाडीला नावं ठेवायचा. आणि स्वतः? हँडब्रेक विसरला!" आणि हसले.

मी खिशातून हात रिकामा काढला, गाडीत जाऊन बसले आणि सीटबेल्टही लावला नाही.

गाडी निघाली. माझी नजर काट्यावर. ब्याऐंशी... चौऱ्याऐंशी... चढ लागला, इंजिनाचा आवाज भरला, मी पाइप निसटायची वाट बघत होते. काटा चौऱ्याऐंशीवरच. गाडी लोण्यासारखी ओढत होती.

"ताई, एसी वाढवा जरा," भाऊसाहेब म्हणाले.

एसी फुल होता. माझे हात गारठले होते. बघितलं तर त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता.

"जळल्याचा वास येतोय."

"काही वास नाही. काटा बघा, चौऱ्याऐंशी."

"अहो वाफ येतेय समोरून! दिसत नाही का तुम्हाला?"

समोर स्वच्छ ऊन, काळा रस्ता आणि कठडा. बाकी काही नव्हतं. वळण सुरू झालं आणि ते एकदम ओरडले, "भाजलं!" स्टिअरिंगवरून दोन्ही हात सोडले, ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी, वळणाच्या मधोमध. मी त्याच क्षणी स्टिअरिंग धरलं — प्लास्टिक गार होतं. स्वतःच्या हाताने सांगतेय, गार.

आणि मागून आवाज आला. पत्र्यावर दोन थापा. ड्रायव्हर लोकांच्या ओळखीचा आवाज आहे तो. मागचा माणूस मारतो, मी मागे आहे म्हणून.

मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. भाऊसाहेब मात्र आरशात बघत होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"नाही काढत," ते म्हणाले. मला नाही, आरशाला. "हे बघ, पाय नाही काढत. दाबून धरलाय. मिलिंद... हे बघ ना, दाबून धरलाय."

दादाचं नाव मी त्यांच्यासमोर एकदाही काढलं नव्हतं.

"कोणाशी बोलताय?"

"तो म्हणतोय, पाय दाबून धरा. दगड लावेपर्यंत पाय दाबून धरा." त्यांनी दुसरा पायही ब्रेकवर दाबला. "अरे फोन आला होता रे मला! तेवढ्यापुरता काढला पाय... मुद्दाम नाही... मिलिंद, मुद्दाम नाही रे..."

मला समजायला काही सेकंद लागले. ब्रेकवर दादा नव्हताच. गाडी तापून थांबली, हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून दादाने मालकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः चाकामागे दगड लावायला उतरला. आणि यांनी फोन घ्यायला ब्रेकवरचा पाय काढला.

मी गिअर पार्कमध्ये टाकू शकले असते, चाकं जागेवर अडकली असती. एक सेकंदाचं काम. टाकला नाही. दरवाजा उघडून खाली उतरले, ड्रायव्हरच्या बाजूला गेले, खिडकीशी उभी राहिले.

"भाऊसाहेब, मी मिलिंदची बहीण."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जपून ठेवलीय. खोटं कशाला बोलू, वाईट दिवस असला की काढून बघते.

तोवर टपरीवरच्या मावशी धावत वर आल्या होत्या. "बाई, पत्र्यावर कोन मारत व्हतं गं? मागं तर कोनीच नाय!"

म्हणजे आवाज एकटीला आला नव्हता.

"आता परत सांगा," मी भाऊसाहेबांना म्हणाले. "मोठ्याने. या मावशींना ऐकू जाईल असं. तोवर पाय दाबून धरा."

त्यांनी सांगितलं. रडत, अडखळत, सगळं. मध्ये दोनदा पाय थरथरून गाडी इंचभर मागे सरकली आणि दोनदा ते लहान मुलासारखे किंचाळले. मला दया आली नाही. मावशी डोक्यावरचा पदर घट्ट धरून म्हणाल्या, "लय वंगाळ केलं तुमी." मग मी आत हात घालून पार्क केलं, इंजिन बंद केलं.

बॉनेट उघडलं. क्लिप पक्की आवळलेली होती. पाइप कोरडा, तेलाचा एक थेंब नाही. स्क्रू ड्रायव्हर लावून बघितला तर स्क्रू पाव फेराही हलेना.

त्यांना गाडी चालवणं शक्य नव्हतं. दोन्ही तळव्यांवर टरटरून फोड आले होते. ट्रॉली मावशींच्या टपरीपाशी सोडली आणि मीच गाडी चालवत त्यांना ज्या ठाण्यात पहिला जबाब दिला होता तिथे नेलं. बदललेला जबाब त्यांनी स्वतःहून दिला. सही करता येईना, अंगठाही उमटेना. मग दवाखान्यात नेऊन पट्टी केली. डॉक्टर म्हणाले, तापलेल्या तव्यावर हात टेकल्यासारखं भाजलंय. कशाने, ते आम्ही कोणीच सांगू शकलो नाही. दोन दिवसांनी सही झाली. मावशींचाही जबाब झाला.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तो विसरला नव्हता." उठले, आत गेले. दार लावून घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या रडण्याचा आवाज ऐकला.

आता कारणं. नवरा म्हणतो, तूच नकळत क्लिप परत आवळली असशील. वर्कशॉपमध्ये कॅमेरा आहे. फुटेजमध्ये मी बॉनेटवर वाकलेली दिसते, मनगट डावीकडे फिरताना दिसतं. नंतर सकाळपर्यंत गाडीजवळ कोणी आलेलं नाही. मी ते इतक्यांदा पाहिलंय की सेकंद पाठ झालेत. एक मैत्रीण मानसोपचाराचं शिकवते, ती म्हणते अपराधी मनाने माणसाला काहीही दिसतं, ऐकू येतं. मान्य. पण दोन थापा मावशींनी आणि मी ऐकल्या, आमचा कसला अपराध? बरं, माझा होता. मावशींचा? आणि फोड? बाबा यातलं काही मानत नाहीत. मीही मानत नाही. फक्त उत्तर माझ्याकडे नाही.

गेल्या महिन्यात भाऊसाहेब वर्कशॉपवर आले. जामिनावर आहेत. निम्मे झालेत. हात बरे झाले होते, तरी सुती हातमोजे घातले होते. पिकअप विकून टाकली म्हणाले. आता स्कूटरवर बसलं तरी हँडल तापतं, मुलगा सोडतो सगळीकडे. आत आले नाहीत, दारातूनच म्हणाले,

"ताई, जबाब दिला. कोर्टातही सांगेन. तू त्याची बहीण आहेस... तू सांग ना त्याला, आता बास कर म्हणून."

मी हात पुसले.

"तो माझ्याशी बोलत नाही, भाऊसाहेब," मी म्हणाले. "तुमच्याशीच बोलतो. आणि बोलत असता तरी सांगितलं नसतं."